कोल्हापुरातला दुसरा गोल

बोरखडी फाट्यावर त्रिंबकच्या हॉटेलात दुपारचा चारचा चहा उकळायला लागला की भगवानरावांचंही डोकं तापायला लागायचं. त्यासाठी नवं कारण लागत नसे. एकोणतीस वर्षांपूर्वीचं जुनंच कारण अजून पुरत होतं. आपला फुटबॉलचा संघ पहिल्या श्रेणीतून खाली कुणी घालवला, या एका प्रश्नावर भगवानराव, त्यांचा जुना सोबती सटवा आणि खुद्द हॉटेलवाला त्रिंबक या तिघांनी आजवर जेवढा चहा संपवला होता, तेवढ्यात फाट्यावरची कोरडी विहीर भरली असती.

बीड जिल्ह्यात फुटबॉल म्हटलं की परका माणूस गालात हसतो. भगवानरावांना त्या हसण्याचा भारी राग. ते लगेच त्याला धरून बसवायचे आणि सुरू करायचे. श्री म्हसोबा सहकारी साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून हैदराबादचे करीमसाहेब आले. ते तिकडं पोलिसांच्या संघातून खेळलेले. त्यांनी कारखान्यामागच्या पडीक रानातले दगड वेचून घेतले, बांबूचे गोल उभे केले, फक्कीऐवजी बॉयलरच्या राखेनं रेषा ओढल्या आणि ज्यांना आट्यापाट्यांपलीकडं काही ठाऊक नव्हतं, अशा गड्यांचा सहा वर्षांत असा संघ बांधला की तो राज्यातल्या साखर कारखान्यांच्या लीगमध्ये थेट पहिल्या श्रेणीत जाऊन बसला.

पहिल्या श्रेणीत आठच संघ असत. कोल्हापूर, सांगली, नगर, असे बारमाही पाण्यातले सातजण आणि आठवे आपण. जो शेवटचा येईल तो पुढच्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत. आपण पहिल्या वर्षी सहावे आलो, मग पाचवे, मग पुन्हा सहावे. पाचवे आलो त्या दिवाळीला कारखान्यानं सभासदांना एकेक किलो साखर जादा वाटली होती. लोक 'पहिला नंबर' ज्या थाटात म्हणतात, त्या थाटात भगवानराव 'पाचवा नंबर' म्हणत. चौथ्या वर्षी आठवे आलो. तिथं मात्र त्यांचा आवाज चढायचा आणि त्रिंबक न विचारता चहा पुढं सरकवायचा.

"चेअरमननं बस दिली न्हाई," सटवा म्हणायचा. "बस दिली असती तर येळंवर पोचलो असतो."

"बस दुष्काळात टाकी बसवून पाण्याला लावली होती," त्रिंबक म्हणायचा.

"ट्रक दिला. पोरं काय पोती हायत का ट्रकात घालायला?" भगवानराव गरजायचे. "नगरच्या मैदानात पंच अर्धा तास थांबला. अर्ध्या तासात काय होतंय? दुष्काळी मुलूख हाय, जरा तासभर थांबला असता तर त्याचं काय गेलं असतं? न्हाई थांबला. शिट्टी वाजवली आन् आपल्याला न खेळता हरवलं. एक बरोबरी पायजे होती फक्त."

मग तिघंही चेअरमनला, पंचाला, नगरच्या संघाला आणि सत्याऐंशी सालच्या आभाळाला आलटून पालटून शिव्या देत. शेवटी सटवा हळूच म्हणायचा, "आन् त्यो वाढंचोर." एवढं म्हटलं की त्रिंबक मान हलवायचा. भगवानराव मात्र त्या वेळी बशीतला चहा भुरकत असायचे. त्या माणसाचं नाव त्यांनी एकोणतीस वर्षांत या हॉटेलात काढलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत होतं तेवढंच पुरेसं होतं: उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढं, आपल्या मेंढरांना न्यायला म्हणून म्हाळू धनगरानं संघाच्या ट्रकात भरलं, त्या भानगडीत उशीर झाला आणि संघ बुडाला.

दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये पुन्हा तसाच दुष्काळ पडला. फाट्यावर टँकरची वाट बघत घागरींची रांग, कडा गावाच्या रस्त्याला जनावरांची छावणी. कारखाना तर अकरा वर्षांपूर्वीच अवसायनात निघालेला. यंत्रं गेली, पत्रे गेले, दप्तर रद्दीत गेलं. राहिली ती कारखान्याची शाळा आणि मागचं मैदान. त्या शाळेतले खेळाचे मास्तर भारत सर एका दुपारी मोटारसायकल लावून हॉटेलात आले. घाटनांदूरकडचा तरुण माणूस, नोकरी लागून दोन वर्षं झालेली, अंगात अजून हौस शिल्लक.

"काका, एक मे रोजी मैदानावर पाटी लावतोय," ते भगवानरावांना म्हणाले. "पहिल्या श्रेणीत खेळलेल्या संघाची. ग्रेनाइटची, अक्षरं कोरलेली. पण अकरा नावं कुठंच मिळेनात. कारखान्याचे कागद गेले. सगळे म्हणाले, फाट्यावर तिघं बसलेले असतात, त्यांना विचारा."

भगवानरावांची छाती अशी भरून आली की ते उठून उभेच राहिले. इतकी वर्षं आपण बडबडतो म्हणून गाव हसत होतं. आज शाळा दारात आली होती, तीही नावं विचारायला. दगडात कोरायची नावं. त्यांनी सरांना बाकावर बसवलं आणि त्रिंबकला स्पेशल चहा सांगितला.

"पयलं लिवा, शहादेव," सटवा म्हणाला. "ह्यांचा धाकटा भाऊ. कप्तान होता."

शहादेव दोन वर्षांपूर्वी वारला होता. भावाचं नाव दगडावर पहिलं येणार, या विचारानं भगवानराव पुढं सरकले. ते सरांच्या पेनाकडं बघत राहिले. सरांनी लिहिलं. मग सटवा आणि त्रिंबक बोटांवर मोजत गेले: गोलकीपर, मग मागचे चौघं, मग मधले. प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव, आणि कुणाच्या घरात आता कोण काय करतं तेही. दहा नावं झाली.

"अकरावं?" सरांनी विचारलं.

"अकरावं करीमसाहेबाचं लिवा," त्रिंबक म्हणाला. "त्यांनीच तर शिकवलं."

"त्यांचं प्रशिक्षक म्हणून वेगळं घेतो. खेळाडू अकरा लागतील ना."

"दहाच टाका. कोण मोजायला येतंय," सटवा म्हणाला.

सरांनी पेन थांबवलं. ते काही हट्टाला पेटले नाहीत. वहीवर रेघ मारून ते म्हणाले, "बरं, ते नंतर बघू. पाटीखाली दोन ओळी आठवण टाकायची आहे. सगळ्यात गाजलेला सामना कुठला?"

हा प्रश्न या बाकावर विचारायचा म्हणजे तेलात भिजवलेल्या वातीला काडी लावण्यासारखं होतं. तिघं एकदम बोलायला लागले. जानेवारी पंच्याऐंशी, कोल्हापूर.

भगवानरावांकडं कारखान्याचा शेअर होता, पण रानाला पाणी नव्हतं, म्हणून त्यांच्या शेतात उसाचं कांडं नव्हतं. दसरा झाला की ते बायकोला, भिवराबाईला, घेऊन कोयता करायला, म्हणजे ऊस तोडायला, कोल्हापूरकडं जायचे. सटवाही तिथंच. जानेवारीत आपला संघ त्याच कारखान्याच्या मैदानावर खेळायला आला. ज्यांचा ऊस आपण तोडतो त्यांच्याशी सामना. बोरखडीचे साठसत्तर तोडकरी, बायाबापड्यांसकट, फड अर्ध्यात टाकून मैदानावर गेले. अंगाला उसाचा चिकटा, कमरेला कोयता. तिथले लोक खुर्च्या टाकून बसलेले. आपली माणसं बांधावर उभी. खुर्च्यांतून कुणीतरी म्हणालं, बीडचे लोक ऊस तोडायचा सोडून पाय कशाला तोडून घेतायत.

"ह्ये मी माझ्या कानानं ऐकलं," भगवानराव म्हणाले. "आजबी आठवलं की अंगाचा तीळपापड होतो. आमी त्यांच्या बांधाला सहा सहा म्हैने राबायचं, पालात झोपायचं, आन् ह्यांनी आमच्या पोरांला हसायचं. पयला गोल त्यांनी केला. मग आपण बरोबरी केली. शेवटची दोन मिनिटं राहिली होती, आन् मग दुसरा गोल झाला."

"काय गोल झाला," सटवा डोळे मिटून म्हणाला.

"बॉल आत गेला आन् बांधावर नुसता धुरळा," त्रिंबक म्हणाला. तो त्या सामन्याला नव्हता, पण इतक्या वेळा ऐकून आता होताच.

"दुसऱ्या दिवशी फडाचा मालक आमच्याशी बोलंना," सटवा म्हणाला. "दोन दिस बोलला न्हाई गडी. लई झोंबलं त्याला."

सरांनी भराभर लिहून घेतलं. मग त्यांनी साधंच विचारलं. कुणीही नव्या माणसानं विचारलं असतं ते.

"दुसरा गोल मारला कुणी?"

चुलीवरच्या चहाचा आवाज ऐकू यायला लागला. भगवानरावांच्या ध्यानात आलं की हा सामना आपण हजार वेळा सांगितला, आणि हजारही वेळा तो गोल आपोआप झाला. बॉल गेला. गोल झाला. धुरळा उडाला. मारणारा पाय कुणाचा होता, हे त्यातून इतक्या सफाईनं काढून टाकलेलं होतं की आता ते काढलंय हेही कुणाला जाणवत नव्हतं.

"मारला असंल कुणीतरी," सटवा म्हणाला. "अकरा जण होते. कुणाचातरी पाय लागला."

हे वाक्य भगवानरावांच्या डोक्यात गेलं. आजवर सटवा याहून वाईट बोलला होता. चोर म्हणाला होता, संघ विकला म्हणाला होता, आणि भगवानराव चहा पीत बसले होते. तेव्हा त्यांची मान खाली जायची, पण डोकं फिरत नसे. आज फिरलं. आयुष्यात एक गोष्ट त्यांनी अशी पाहिली होती की जी पाहून साठसत्तर कोयतेकरी राजे झाले होते, आणि हा माणूस म्हणतो कुणाचातरी पाय लागला.

"कुणाचातरी?" भगवानराव म्हणाले. "सटवा, तू माझ्या बाजूला हुभा होतास बे. डावीकडनं शहादेवनं बॉल उचलून टाकला. म्हाळूनं छातीवर घेतला. दोघं त्याच्या अंगावर आले. दुसरा कुणी असता तर तिथंच आंधळी लाथ हाणली असती. म्हाळूनं बॉल जमिनीवर ठिवला. करीमसाहेब रेषेवरनं वरडत होते, 'जमीन पे रखो रे, आसमान में क्या है.' ठिवला, एकाला डावीकडं पाठवला, एकाला बसवला, आन् कीपरच्या दोन पायांतनं असा ढकलला, मेंढरू वाड्यात घालावं तसा. सर, लिवा. दुसरा गोल म्हाळूनं मारला. आपला पयलाबी त्यानंच मारला. आन् अकरावं नाव त्याचं लिवा."

"वाढंचोराचं?" सटवा ताडकन उठला. "पाटीवर?"

"वाढं कुणी नेलं बे?"

"भगवानराव, सर परके हायत. उगं काय बी काढू नगा."

"कुणी नेलं, त्ये सांग. चार पेंढ्या तुझ्या म्हशीनं खाल्ल्या. सहा माझ्या गोठ्यात गेल्या. त्रिंबक, तुझा बाप दोन घेऊन गेलता, डोक्यावर. मी बघितलंय."

त्रिंबकनं चुलीत लाकूड सारलं आणि तिथंच बसून राहिला. सटवा मात्र बसायला तयार नव्हता. भारत सर एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होते. तेव्हा भगवानरावांनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. सांगताना ते इतके चिडलेले होते की ऐकणाऱ्याला वाटावं, हे दुसऱ्याच कुणा नालायक माणसाविषयी बोलतायत.

सत्याऐंशीच्या मार्चमध्ये तोडकरी फडावरून परतले, तेव्हा गोठ्यांत काडी उरली नव्हती. कारखान्याचा शेवटचा ऊस गाळून झाला होता, आणि आवई उठली होती की, आवारातलं उरलेलं वाढं संचालक गुपचूप नगरकडं धाडतायत. गावानं पारावर बसून ठरवलं: वाढ्याचं एकही वाहन फाटा ओलांडून जाऊ द्यायचं नाही. त्या रविवारी सकाळी कारखान्याचा ट्रक आला. पाठीमागून हिरवे शेंडे वर डोकावत होते. गावानं बैलगाड्या आडव्या लावल्या. ड्रायव्हर ओरडला की आत संघ आहे, नगरला सामना आहे. प्रत्येक ड्रायव्हर काहीतरी सांगतोच. भगवानरावांनी ऐकून घेतलं नाही. त्यांनी बाभळीचा काटा घेतला आणि ट्रकच्या एका अंगाच्या दोन चाकांची हवा सोडली. मग लोक वर चढले. वर अकरा जण निळ्या बनियनांत बसलेले. फळीवर बसून अंग खिळखिळं होतं म्हणून त्यांनी खाली वाढ्याच्या पेंढ्या अंथरल्या होत्या आणि ऊन लागू नये म्हणून कडेनं उभ्या लावल्या होत्या. एवढंच.

"मग तुम्ही सोडलं ना त्यांना?" सरांनी विचारलं.

"कशाचं सोडतो? चाकात हवा कुठं होती?" भगवानराव म्हणाले. "जादा चाक एकच. पंप कड्याहून आणायचा, सायकलवर. म्हाळू हात जोडून म्हणत होता, वाढं सगळं न्या, पण आमाला दुसरी गाडी बघून द्या. माणसं पेंढ्या उतरवण्यात गुंतलेली. आपलाच संघ, आपलीच पोरं, आन् आमी त्यांच्या बुडाखालचं वाढं वढून काढत होतो. माझा भाऊ वर बसलाय, आन् मी त्याच्या नजरेला नजर देईना."

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत प्रश्न निघाला. ज्या गावानं वाहन अडवलं, त्या गावावर कारवाई करा. गावाच्या ऊसतोडीच्या टोळ्या बंद होतील, सभासदत्व जाईल, अशी कुजबुज झाली. तेव्हा भगवानराव मंडपात उभे राहिले आणि एक वाक्य बोलले: वाढं म्हाळूनं भरलं, आपल्या मेंढरांसाठी, तिथंच उशीर झाला. वाक्य सगळ्यांच्या सोयीचं होतं. संचालकांना गावाशी भांडण नको होतं, गावाला कारवाई नको होती, बाकीच्या दहा खेळाडूंचे बाप सभासद होते आणि त्यांची पोरं कारखान्यात लागलेली होती. हात वर झाले. ठराव मंजूर. म्हाळूला संघातून काढला, राखणदारीच्या हंगामी कामावरूनही काढला. म्हाळूच्या घरात शेअर नव्हता, रान नव्हतं. सभासद नसलेल्याला सभेत बोलता येत नाही. तो मंडपाच्या दोरीबाहेर उभा राहून सगळं ऐकत होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत, म्हाळूशिवाय, आपण सगळे सामने हरलो. त्याच्या पुढच्या वर्षी संघच मोडला.

"आन् मी इथं बसून पंचाला शिव्या देतोय," भगवानराव म्हणाले. "एकोणतीस वर्सं."

मग त्रिंबकनं घसा साफ केला. "जाऊ द्या," तो म्हणाला. "झालं गेलं. टाका त्याचं नाव. एवढी वर्सं झाली, गावानं माफ केलं म्हणू."

"व्हय," सटवा खाली बसत म्हणाला. "माफ केलं म्हणू. पर ट्रकाचं काढू नगा."

"कोण कुणाला माफ करतंय बे?" भगवानरावांनी बशी इतक्या जोरानं ठेवली की ती फुटली. "त्याचं वाढं आपण खाल्लं, त्याचं काम आपण घालवलं, त्याचा खेळ आपण घालवला, आन् माफ आपणच करायचं? आपल्याला काय लाजबिज हाय का न्हाई?"

सरांनी नाव लिहिलं. अकरावं. पण पाटीवर सगळ्यांच्या बापाचं नाव आणि आडनावही यायचं होतं, आणि इथं पंचाईत झाली. दहा घरांच्या सोयरिकी तोंडपाठ असलेल्या या तिघांपैकी एकालाही म्हाळूच्या बापाचं नाव सांगता येईना. सगळे नुसतं म्हाळू धनगर म्हणायचे. तो आता लिंबागणेशच्या अलीकडं माळावर राहतो, बायकोच्या माहेरी, एवढं त्रिंबकला ठाऊक होतं. सर म्हणाले, फोन नंबर मिळेल का. भगवानराव म्हणाले, फोन नको, मला गाडीवर घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं निघाले. वाटेत भगवानरावांनी मनात बोलणं जुळवलं. आधी तब्येत विचारायची, मग पाटीचं सांगायचं, नाव कोरणार म्हटल्यावर गडी हरखेल, मग ओघानं जुनं निघालं तर बघू. लिंबागणेश जवळ येईपर्यंत त्यांना बरंही वाटायला लागलं होतं. आपण काहीतरी घेऊन चाललोय, असं.

म्हाळूचं घर पत्र्याचं होतं, बाजूला मेंढरांचा वाडा. मेंढरं पंधरावीसच उरलेली, बाकीची दुष्काळात विकलेली असावीत. म्हाळू दारात दोरी वळत बसला होता. बावन्न-त्रेपन्न वर्षांचा, केस पांढरे झालेले. त्यानं भगवानरावांना लगेच ओळखलं. उठला नाही. त्याची बायको सारजाबाई दारातून बघून आत गेली. बसा कुणी म्हणालं नाही, तेव्हा सरांनी उभ्या उभ्याच पाटीचं सांगितलं.

"माझं नाव म्हाळू हरिबा कोकरे," म्हाळू म्हणाला. "कागद बघू."

त्यानं यादी हातात घेतली. एकेक नाव वाचताना त्याचं बोट खाली सरकत होतं. कुठं कुठं ते थांबायचं, मग पुढं जायचं. शेवटच्या नावावर आलं आणि तो थांबला.

"अकरावं कावून?"

"आता आठवंल तशी नावं लिवली, म्हाळू," भगवानराव म्हणाले. "खालीवर काय त्यात. दगडावर आलं म्हंजी आलं."

"कप्तानाचं नाव पयलं असतंय."

त्यानं कागद सरांकडं दिला नाही, भगवानरावांकडं दिला. शहादेवच्या नावापुढं कंसात 'कर्णधार' लिहिलेलं होतं. काल भगवानरावांच्या डोळ्यांसमोर ते लिहिलं गेलं होतं आणि त्यांनी होऊ दिलं होतं. सगळं खरं सांगितल्याच्या रागात आणि तोऱ्यात तेवढं एक राहून गेलं होतं, किंवा राहू दिलं होतं.

"शहादेव गेला," भगवानराव म्हणाले.

"ठाव हाय. मातीला आलतो मी. लांब हुभा होतो, तुमी बघितलं नसंल. लई चांगला खेळायचा. त्याच्यासारखा बॉल टाकणारा दुसरा न्हाई बघितला." म्हाळूनं दोरी बाजूला ठेवली. "एकदा इथं येऊन रडूनबी गेलाय त्यो, सभा झाल्यावर. त्याच्यावर माझा राग न्हाई. पर कप्तान मी होतो."

भगवानरावांनी कागदावरचं शहादेवचं नाव पुन्हा पाहिलं. भाऊ इथं येऊन गेला होता. येऊन रडला होता, आणि घरी आल्यावर थोरल्या भावासमोर त्यानं मरेपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. ज्या माणसाला आपण लाडका भाऊ म्हणून दगडावर पहिला बसवायला निघालो, तो आपल्याला काय समजत होता, हे त्यांना आज कळत होतं.

"सर, नवा कागद घ्या," ते म्हणाले. "वर लिवा. म्हाळू हरिबा कोकरे, कप्तान. त्याच्या खाली शहादेव."

सरांनी पेट्रोलच्या टाकीवर वही ठेवून लिहिलं. म्हाळूनं ते वाकून बघितलं आणि मान हलवली.

"एक मेला येशील ना?" भगवानरावांनी विचारलं.

"तिथं कोण बोलणार हाय?"

"मी," भगवानराव म्हणाले. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण ते म्हणाले.

"काय बोलणार?"

जुळवून आणलेलं बोलणं कुठल्या कुठं गेलं होतं. "ट्रक मी अडवला. हवा मी सोडली. सहा पेंढ्या माझ्या गोठ्यात गेल्या, त्याच्यावर माझी बैलं जगली. आन् सभेत मी खोटं बोललो."

आतून सारजाबाई बाहेर आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या नव्हता, काहीच नव्हतं.

"ह्ये इथं माळावर कुणाला सांगताय?" ती म्हणाली. "इथं मेंढरं हायत. नवी नवरी होते मी तवा. बोरखडीच्या आडावर बाया मला घागर भरू देत नव्हत्या, वाढंचोराची बायको म्हणून. तुमच्या घरच्याबी होत्या त्यात. त्याच वाढ्यावर दूध काढत होत्या आन् मला चोर म्हणत होत्या."

भिवराबाई आडावरून येऊन हे हसत सांगायची, ते भगवानरावांना आठवलं.

"तिथं बोलणार का, सगळ्यांम्होरं?" म्हाळूनं विचारलं.

"तिथंच बोलणार."

"मग येतो," म्हाळू म्हणाला. "पुढच्या रांगंत बसतो. तुमी बोला."

"मीबी येते," सारजाबाई म्हणाली. "आन् अर्धं बोलून खाली बसलात, तर उरलेलं मी हुभी राहून बोलीन."